सलीमभाईचा सत्कार

१९ नोव्हेंबर २००६, रविवार

आज सुवर्णाला उसात पाठवली.

सोपा झेल होता. हातात आलेला, सोडला. चेंडू टप्पा खाऊन थेट शेजारच्या उसात. नियम म्हणजे नियम. जिच्या हातून सुटला तिनंच आणायचा. बाकीच्यांनी बांधावर उभं राहून ओरडायचं, टाळ्या वाजवायच्या, म्हणजे आत बिबट्या असलाच तर सरकतो. आजवर कुणाला काही झालेलं नाही. सुवर्णा म्हणते, "सर, सकाळी बांधावर पावलं दिसली व्हती." म्हटलं, "मग त्यालाच विचार, चेंडू बघितला का." पोरी हसल्या. ती नाही हसली. पण गेली. आली तेव्हा गालावर पातीचे ओरखडे आणि हातात चेंडू. शाबास म्हटलं. आठवीतली पोर, पण अख्ख्या जुन्नर-आंबेगावात असा चेंडू टाकणारी दुसरी नाही. म्हणून तर तिच्यावर जास्त ओरडतो.

घोटाळा एवढाच की नेमक्या त्याच वेळी पुण्याच्या मेधाताई टपकल्या. आमचं मंडळ शाळाशाळांत क्रिकेट नेतं, त्याच्या बॅटी, पॅड, मॅट सगळं या बाईंकडून येतं. गाडीतून उतरल्या उतरल्या विचारतात, "ती मुलगी शेतात का गेली?" आमचा सेक्रेटरी प्रदीप (पुढं नुसता प्र. लिहीन, त्याच्यावर एवढी शाई नको) गोरामोरा. मी म्हटलं, "चेंडू आणायला. तो काय स्वतः चालत येत नाही ताई."

बाईंनी चहा घेतला नाही.

२० नोव्हें.

सुवर्णाचा बाप आला होता. टोपी हातात. "सर, आमची काय तक्रार न्हाई. पन पोर राती झोपंना. उसात तेवढं नका पाठवू." म्हटलं, पोरगी पुढं जायला पाहिजे का घरात बसायला पाहिजे? म्हणाला, पुढं जायला पाहिजे. मग म्हटलं जा घरी. गेला. वाकून नमस्कार करून गेला. असल्या बापांना पोरी खेळाडू कशा झालेल्या पाहिजेत, देव जाणे.

ही आतून सगळं ऐकत होती. भाकरी थापता थापता म्हणाली, "त्या पोरीच्या जागी तुमची लेक आसती तर पाठवली आसती का?" मी म्हटलं, पाठवली असती. "म्हनूनच ती लगीन करून लवकर गेली," म्हणाली. तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो, असलं बोलायची कुणाची छाती नव्हती. घरात मात्र रोज ऐकायचं.

२६ नोव्हें., रविवार

सलीमभाईचं काय करायचं.

माणूस चांगला. जुन्नरचा. फाटलेले पॅड, उसवलेले चेंडू असे शिवतो की नवे वाटावेत. मंडळ काढलं तेव्हा आम्ही तिघंच होतो, मी, तो आणि प्र. पण आता अंपायर म्हणून उभा राहिला की डोळे मिचकावत बसतो. आज कळंबच्या पोरींविरुद्ध सरावाचा सामना. बॅटला एवढी मोठी कड लागली, आवाज मला बांधावर ऐकू आला, आणि हा हलवतो मान. मी तिथूनच ओरडलो, "सलीमभाई, चष्मा लावून या नाहीतर काठी घेऊन या!" सगळे हसले. तोही हसला, पण चहाला थांबला नाही.

हल्ली माझ्याकडं कुणी चहाला थांबतच नाही.

त्याला जायला सांगायचं कसं? तोंडावर सांगितलं तर मी वाईट. नाही सांगितलं तर हा सामने घालवणार.

१० डिसें., रविवार

मंडळाची बैठक, माझ्याच ओसरीवर. सगळं माझंच आहे म्हणा, ओसरी माझी, मैदानाचं रान माझं, वडिलोपार्जित. नाहीतर त्या पोरींनी सराव केला असता एसटी स्टँडवर.

मजा झाली आज.

प्र. घसा खाकरत म्हणाला, "सर, एक विषय आहे. मंडळाच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचा सत्कार करावा असं आमच्या सगळ्यांच्या मनात आहे. सात जानेवारीला, सामन्याच्या आधी. नाव आत्ता घेत नाही. त्यांच्यासमोर बरं दिसत नाही."

सलीमभाई समोरच बसलेला! मान खाली, पायाचा अंगठा चोळत. मी प्र.ला डोळा मारला. पोरगं हुशार निघालं राव, मी शिकवलेलंच आहे शेवटी. शाल-नारळ देऊन माणूस घालवायचा, यात कुणाला वाईटपण नाही आणि फोटो निघतो तो वेगळाच.

मग मीच पुढाकार घेतला. अर्धवट काम मला आवडत नाही. म्हटलं, "सत्कार करायचा तर नीट करा. पाहुणे बोलवा, बॅनर लावा. पण एक ठरवून टाका. सत्कार झाला की त्या माणसानं मैदानात पाऊल ठेवायचं नाही. खुर्ची द्या, चहा द्या, मान द्या, शिट्टी देऊ नका. नाहीतर हे म्हातारे शाल घेतात आणि दुसऱ्या दिवशी परत हजर."

प्र. म्हणाला, "सर, नक्की?" म्हटलं, नक्की म्हणजे काय, ठरावात घाल. हात वर करा. सगळ्यांनी हात वर केले. सलीमभाईनं पण केला! सगळ्यात वर त्याचाच हात. हसू आवरेना, आत जाऊन पाणी पिऊन आलो.

एकमताने मंजूर.

१७ डिसें.

नारायणगावला जाऊन शाल आणली. मीच म्हटलं मी आणतो, या पोरांना अक्कल नाही, उगाच भारीतली घेतील. दुकानदार मऊसूत दाखवत होता. म्हटलं, कुणाला थंडी घालवायची नाही, फोटोपुरती पाहिजे. जाडीभरडी तपकिरी मिळाली. अंगाला लावून बघितली, टोचते. टोचू दे की, त्याला कुठं पांघरून बसायचंय.

२५ डिसें.

लई थंडी. पोरी काकडत येतात सकाळी. सुवर्णाचा चेंडू आता आत येतोय, मी सांगितल्यासारखा मनगट वळवते. खरं सांगायचं तर ऊर भरून आला. तिला काही बोललो नाही, पोरी शेफारतात. म्हटलं, "दहातला एक नीट पडला, बाकीचे काय आईला दाखवायला टाकले का?" खाली मान घालून परत रनअपला गेली.

सात तारखेला ही जिंकून देणार. आणि जिंकली की सगळ्यांना कळेल माझी शिस्त काय आहे ती. मेधाताईंना पण. बाई तेव्हापासून माझ्याशी फोनवर बोलत नाहीत, सगळं प्र.शी बोलतात.

५ जानेवारी २००७

नीट लिहिता येईना.

दुपारी दळण घेऊन चौकात गेलो. बॅनर लागलाय. भला मोठा, दोन बांबूंवर. वर मंडळाचं नाव, खाली मी.

मी!

माझाच फोटो. निवृत्तीच्या वेळचा, फेटा बांधलेला. "कृतज्ञता सोहळा." "आदरणीय सरांना निरोप." चक्कीवाला म्हणतो, "सर, अभिनंदन! आता आराम करा." पिशवी तिथंच विसरून आलो.

एका ज्येष्ठ कार्यकर्त्याचा. त्यांच्यासमोर नाव घेणं बरं दिसत नाही. समोर मी बसलो होतो ना. मीच बसलो होतो आणि मीच सलीमभाईकडं बघून हसत होतो.

हिला सांगितलं. ती जाऊन बघून आली. "लई गोरं केलंय तुमाला," म्हणाली. "वळखू येत न्हाई, ते एक बरं झालं." म्हटलं, तुला माहीत होतं का? "सगळ्या गावाला म्हाईत व्हतं. तुमी कुनाला बोलू द्याल तर सांगनार ना."

६ जाने.

प्र.ला त्याच्या दुकानात गाठलं. ओतूरच्या स्टँडवर मोबाईलचं दुकान आहे त्याचं. गिऱ्हाईक होतं, त्याच्यासमोरच विचारलं, "मला काढताय?"

"काढत नाही सर. सत्कार करतोय."

"एकच आहे ते, मला शिकवू नको!"

गिऱ्हाईक निघून गेलं. मग म्हणाला, मेधाताईंनी स्पष्ट सांगितलंय, उसातला तो प्रकार बघितल्यापासून. सर अध्यक्ष राहिले तर त्या राहणार नाहीत. आणि ते मैदानात न येण्याचं आमच्या डोक्यात नव्हतंच सर, आम्ही अध्यक्षपद काढून सल्लागार करणार होतो. तुम्ही म्हणालात पाऊल ठेवायचं नाही. मी दोनदा विचारलं. (दोनदा नाही. एकदाच विचारलं, खोटारडा.)

म्हटलं, "रान माझं आहे, विसरलास? उद्या नांगर घालीन. ऊस लावीन."

यावर त्याचं तोंड उतरलं. बराच वेळ काउंटर पुसत राहिला. "ते तुमच्या हातात आहे सर. दुसरं मैदान आम्हाला कुणी देणार नाही, तेही तुम्हाला माहीत आहे. पोरींना मात्र तुम्हीच सांगा."

नीच माणूस. असं बोलायला कुठून शिकला?

घरी येऊन हिला म्हटलं, मी जाणारच नाही उद्या. "नका जाऊ," म्हणाली. "जावई निघालेत मुंबईहून. तुमच्या बहिनीनं नवीन लुगडं घेतलंय. चौकात तुमचं थोबाड लागलंय. बघा, कसं जमतंय ते."

जमत नाही. जावंच लागणार.

७ जाने., रविवार

झालं.

शाल सलीमभाईनं घातली. घालताना कानाशी वाकून म्हणतो, "टोचती का सर? पसंती तुमचीच हाय." आणि चेहऱ्यावर हसू असं, जसा काय ईदचा दिवस. नवा चष्मा लावलाय त्यानं. मेधाताईंनी करून दिला म्हणे. अंपायर तोच.

प्र.चं भाषण. सरांनी घडवलं, सरांनी शिस्त लावली. मग म्हणतो, "सहावीत असताना माझ्या हातून झेल सुटला. सरांनी मला उसात पाठवलं. मी बाहेर आलो तेव्हा चेंडू हातात होता आणि चड्डी ओली होती." सगळा मांडव हसला. सरपंच हसले, जावई हसले. मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, मांडीवर थाप मारून. वर बघतो तर प्र. हसत नव्हता. माइक धरून नुसता माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "त्यानंतर मी कधी खेळलो नाही. काम करत राहिलो. आता सरांनी विश्रांती घ्यावी, ही सर्वांची इच्छा." काय टाळ्या पडल्या! तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी एवढ्या टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. मला घालवायच्या टाळ्या.

मला बोलायला उभं केलं. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो. बहीण पहिल्या रांगेत डोळे पुसत होती, भावाचा मान बघून. "आभारी आहे," म्हटलं आणि बसलो.

मग सामना. कळंबच्या पोरींशीच. मला मेधाताईंच्या शेजारी खुर्ची, दोरीच्या बाहेर. एकदा उठलो, फिल्डिंग चुकीची लावली होती म्हणून, तर दोन कार्यकर्ते पळत आले. "सर, बसा ना! काय पाहिजे? पाणी पाहिजे? ए, सरांना पाणी आणा रे!" खुर्ची पुढं सरकवून बसवलं. परत उठलो, परत पाणी. मानानं मारतात ही माणसं, हात न लावता.

सुवर्णानं झेल सोडला. सोपा. माझ्या तोंडातून "ए!" निघालं. तिनं दचकून इकडं बघितलं, खांदे आक्रसले. तेवढ्यात प्र. पलीकडून ओरडला, "असू दे! पुढचा घे!" आणि ती हसली. झेल सोडून हसली. मी म्हटलं आता हिची गाडी घसरणार. वाट बघत बसलो. घसरायलाच पाहिजे होती. खरंच लिहितो, मनापासून वाटत होतं की पोर हरावी.

तिनं पुढच्याच षटकात दोन दांड्या उडवल्या. मनगट वळवून, आत आलेले चेंडू.

जिंकल्या. माझ्याशिवाय जिंकल्या, ते एक वेळ सोसलं असतं. हसत हसत जिंकल्या. मेधाताई वळून म्हणाल्या, "सर, हे तुमचंच यश आहे." आणि लगेच पोरींकडं पळाल्या.

८ जाने.

बापू ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं. म्हटलं, गुरुवारी ये, मैदान नांगरून टाक. सुरू हंगामाचा ऊस लावायचाय. तो म्हणाला, "सर, थट्टा करताय का?" म्हटलं, मी कधी थट्टा केलीय का? विचार करून म्हणाला, न्हाई.

कळू दे सगळ्यांना. माझ्या रानात माझीच पोरं मला पाणी पाजतात.

सल्लागार म्हणून नाव लावू का, म्हणून प्र.चा फोन. गुरुवारी सांगतो म्हटलं.

१० जाने.

संध्याकाळी मैदानाकडं गेलो. दोरीच्या आत पाय नाही ठेवला, कुणी म्हणायला नको. पोरी मॅट गुंडाळत होत्या. एकीनं पळत जाऊन खुर्ची आणली. त्यांनाही शिकवून ठेवलंय.

सुवर्णा जवळ आली, पाया पडली. गालावरचे ओरखडे गेलेत, एक बारीक रेघ राहिलीय डोळ्याखाली. म्हणाली, "सर, एक विचारू?"

विचार.

"तुमी आता येनार न्हाई ना? सरावाला?"

म्हटलं ही रडणार आता. मनात म्हटलं, बघा, शेवटी पोरीला कळतं. मऊ आवाजात विचारलं, "का गं?"

"न्हाई, आईनं इचारलंय. तुमी येनार नसला तर ती धाकटीला बी पाठवनार हाये."

काही वाईट हेतू नव्हता तिचा. निरोप सांगायला आली होती आणि उत्तर घेऊन घरी जायचं होतं, एवढंच. उभी राहिली माझ्याकडं बघत. राग यायला पाहिजे होता. लाज वाटली. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती आणि तीही एका आठवीतल्या पोरीपुढं. म्हटलं, "नाही येणार."

"बरं," म्हणाली. चेहरा असा फुलला पोरीचा. पळत गेली, अर्ध्या वाटेवरून परत आली आणि "थँक्यू सर" म्हणून गेली.

तिला नांगराचं सांगितलं नाही. घरी येईपर्यंत ती लाज गेली आणि राग आला, चांगला दणकून. माझं रान, आणि मी नसलो तर धाकटी येणार! येऊ दे. उसात खेळू दे.

मग जेवण गेलं नाही.

११ जाने., गुरुवार

बापू सकाळीच आला. नांगर लावून. ट्रॅक्टर दारात उभा केलाय, बंद करत नाही, बॅटरी गेलीय, परत चालू व्हायचा नाही म्हणतो. सगळं घर हादरतंय. भांडी वाजतायत फळीवर.

ओसरीवरून मैदान दिसतं. पोरी आल्यात. एक नवीन दिसते, बारकी, पॅड बांधलेत तर मांडीच्या वर गेलेत. तीच असणार. प्र. तिला बॅट कशी धरायची ते दाखवतोय, चुकीची दाखवतोय, डावा हात वर पाहिजे. कुणीतरी सांगायला पाहिजे त्याला.

बापू म्हणतो, "सर, पोरी हायेत आत. आधी हाकलू का?"

ही चहा घेऊन आली. त्याच्या हातात कप दिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू कशाला? त्यास्नी जाऊ दे. हाकलायचं काम त्यास्नी चांगलं जमतंय."

गेली आत.

चपला घालून बसलोय. बापूचा चहा झाला. डिझेल जळतंय सर, म्हणतो. मैदानावर सगळ्या खिदळतायत, धाकटीनं काहीतरी टोलवलं वाटतं. तो परत विचारतोय.